बेगमी संकटकाळाची

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही शिकवण आपल्याकडे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. परंतु समाज म्हणून आपण आजवर खणलेल्या बहुतेक विहिरी तहान लागल्यावरच खणलेल्या आहेत, हे नाकारता येणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुणे शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जन करून झोपी गेलेल्या किल्लारी व आसपासच्या गावांचा पहाटे चारच्या सुमारास ढिगारा झाला. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली. पुढे २०१४ साली माळीण, २०१९ साली सांगली व कोल्हापूर, २०२१ साली महाड, चिपळूण व तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी. नावे बदलली, क्रम बदलला नाही. आधी हळहळ, मग मदतीचा ओघ, मग पंचनामे, मग समिती, तिचा अहवाल आणि शेवटी विस्मरण.

गेल्या काही वर्षांत या क्रमात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. संकटाच्या धास्तीला आता बाजारपेठ मिळाली आहे. करोनाच्या साथीनंतर, आणि ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या कवायतींनंतर तर विशेषच, ‘आपण घरात काय ठेवावे’ हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबांत विचारला जाऊ लागला. प्रश्न योग्यच आहे. त्याला मिळणारे उत्तर मात्र बहुधा विक्रेत्याचे असते. तयार ‘आपत्कालीन संच’ विकत घ्यावा, तो कपाटावर ठेवावा आणि निर्धास्त व्हावे, असे ते उत्तर आहे. साधने मर्यादित आणि गरजा अनेक असल्या म्हणजे निवड करावी लागते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. संकटकाळाच्या साधनांना हा धडा लावून पाहिला, तर असे दिसते की काय घ्यावे या प्रश्नाइतकाच ते कोणी घ्यावे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. काही वस्तू प्रत्येक घरात हव्यात, काही गल्लीने मिळून घ्याव्यात आणि काहींचा भार सरकारी तिजोरीनेच उचलला पाहिजे. या तीन वाटण्यांची गल्लत झाली की पैसा खर्च होतो आणि माणसेही वाचत नाहीत.

परक्या हवेतील पिशवी

बाजारात मिळणाऱ्या तयार संचांकडे थोडे बारकाईने पाहावे. त्यांत दहा पात्यांचा चाकू असतो, अंगाभोवती गुंडाळावयाचे चकचकीत उष्णतारोधक कापड असते, होकायंत्र असते, आग पेटविण्याची गारगोटी असते. या वस्तू निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु ज्या कल्पनेतून त्या निवडल्या गेल्या, ती आपली नाही. थंड प्रदेशातील जंगलात एकटा सापडलेला धट्टाकट्टा पुरुष त्या कल्पनेत आहे. महाराष्ट्रातील आपद्ग्रस्त मनुष्य सहसा एकटा नसतो. त्याच्याबरोबर म्हातारी आई असते, कडेवर मूल असते, दावणीला जनावरे असतात. तो बर्फात नव्हे, तर कमरेइतक्या गढूळ पाण्यात उभा असतो. त्याला थंडीपेक्षा ओल, डास, साप आणि दूषित पाणी यांचे भय अधिक. त्याला होकायंत्राचा काय उपयोग? गावातील उंच जागा कोठे आहे हे त्याला ठाऊक असते. तेथवर जावयास उजेड, दोर आणि वेळ हाताशी नसतो.

म्हणून वस्तूंची यादी करण्यापूर्वी संकटांची यादी करावी. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघी ७४ मिलिमीटरच्या आसपास. एकाच महानगरात धोका इतका विषम असेल, तर साऱ्या राज्याला एकच पिशवी कशी पुरेल? चिपळूणकराला पुराचा विचार आधी करावयास हवा. पाटण तालुक्यातील डोंगरउतारावरच्या वाडीला दरडीचा आणि भूकंपाचा, लातूर-धाराशिवच्या दगडमातीच्या घरांना भिंतींचा, मुंबई-ठाण्याच्या उंच इमारतींना आगीचा, तर विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला उन्हाचा आणि विजेचा. विजेपासून बचावासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली ‘दामिनी’ ही मोबाइलवरील सूचना-सेवा फुकट मिळते. कोणत्याही महागड्या संचापेक्षा शेतावर राबणाऱ्यास ती अधिक उपयोगी आहे, कारण वीज कोसळण्यापूर्वी झाडाखालून दूर होण्याची संधी ती देते.

किल्लारीचा दाखला तर याहून कठोर आहे. त्या भूकंपात सरकारी गणनेनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंपाचा धक्का जगातील फार मोठ्या धक्क्यांपैकी नव्हता. माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद अंगावर कोसळल्यामुळे. अशा घरात जगातील उत्तमोत्तम संच ठेवला असता, तर तोही त्याच ढिगाऱ्याखाली गेला असता. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड, कोपऱ्यांची घट्ट बांधणी, भिंतीभोवती पट्टा आणि छपरावरील मातीचा भार कमी करणे, ही त्या प्रदेशातील खरी जीवरक्षक साधने होत. संकटकाळाचे पहिले साधन म्हणजे राहते घर. ज्याच्यापाशी थोडे पैसे आहेत त्याने ते पिशवीपूर्वी भिंतीकडे वळवावेत. ज्याला तेवढे शक्य नाही त्याने निदान खाटेच्या डोक्याशी असलेले जड कपाट हलवावे आणि फळीवरची अवजड भांडी खाली आणावीत. त्याला पैसा लागत नाही.

तीन कसोट्या

घरात ठेवावयाची वस्तू निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. पहिली कसोटी काळाची. बाहेरची मदत पोहोचेपर्यंतचे पहिले तीन दिवस ज्या वस्तूवाचून निभणार नाहीत, तीच आधी घ्यावी. दुसरी कसोटी नित्याच्या वापराची. जी वस्तू एरवीही वापरात असते ती संकटात चालते. जी केवळ संकटासाठी म्हणून बांधून ठेवलेली असते ती नेमकी त्या क्षणी गंजलेली, विरलेली वा मुदत संपलेली निघते. तिसरी कसोटी अशक्ताची. घरातील सर्वांत दुबळ्या माणसाला ती वस्तू अंधारात सापडली पाहिजे आणि हाताळता आली पाहिजे. जी बॅटरी फक्त थोरल्या मुलालाच लावता येते, ती मुलगा कामावर गेला असता घरात नसल्यासारखीच आहे.

यांतील दुसऱ्या कसोटीमागे साधे अर्थकारण आहे. वापराविना पडून राहिलेली वस्तू म्हणजे अडकलेले भांडवल. मध्यमवर्गीय संसाराला ते परवडत नाही, आणि म्हणूनच असे संच एकदा घेतले जातात व पुन्हा कधी उघडले जात नाहीत. यावर जपानी कुटुंबांनी काढलेला तोडगा अनुकरणीय आहे. रोजच्या खाण्यातलेच टिकाऊ जिन्नस थोडे अधिक भरावेत, जुने आधी वापरावेत आणि वापरले तेवढे पुन्हा भरावेत, अशी ती रीत. साठा सदैव ताजा राहतो आणि वेगळा खर्च जवळजवळ होतच नाही. ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील पावसाळ्याची बेगमी ती हीच. कोकणात आगोटीला तांदूळ, डाळी, मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण भरून ठेवणारी गृहिणी पुरवठा-व्यवस्थापन कोठे शिकावयास गेली नव्हती. चार महिने वाट बंद होणार, हे तिला ठाऊक होते. आज वाट बारमाही उघडी असते असा आपला समज झाला आणि कोनाड्यातले डबे रिकामे झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा तो समज किती पोकळ होता हे दिसून आले.

घरची पिशवी

आता प्रत्यक्ष वस्तू. सर्वांत आधी पाणी. पुरात पाण्याचा सुकाळ आणि पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ एकाच वेळी असतो. कोल्हापुरात २०१९ साली शहराला पाणी पुरविणारी उपसा केंद्रेच पुरात सापडली. पानशेतच्या प्रलयात खडकवासल्याचे धरणही फुटल्याने पुण्याचा पाणीसाठाच वाहून गेला होता. पिण्यासाठी व अन्नासाठी माणशी दिवसाला किमान अडीच ते तीन लिटर पाणी हवे, असे आपत्कालीन मदतीचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी पंचेचाळीस लिटर. हे पाणी बाटल्या विकत आणून साठविण्याची गरज नाही. झाकणाचे, तोटीचे दोन-तीन स्वच्छ कॅन पावसाळाभर भरलेले ठेवावेत आणि ठरावीक दिवशी पाणी बदलावे. जोडीला पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरिनच्या गोळ्या ठेवाव्यात, त्यांवरील मुदत पाहून.

दुसरे अन्न. येथे विदेशी डबाबंद खाण्याची मुळीच आवश्यकता नाही. चुली पेटणार नाहीत असे गृहीत धरावे आणि शिजविल्यावाचून खाता येईल तेच निवडावे. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, भिजवून खाण्याचे पोहे आणि सातूचे पीठ. पाण्यात कालवून गूळ घातला की सातूचे पीठ लहान मुलालाही चालते आणि दात नसलेल्या आजीलाही. शेकडो वर्षे वाटसरूंनी जे खांद्यावरच्या पडशीतून नेले, त्याहून अधिक कसाला उतरलेला आपत्कालीन आहार कोणता असणार?

तिसरे औषध, आणि यात सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत मोलाची ठरते. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीने थैमान घातले होते. बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना तोंडावाटे पाजण्याची व्यवस्था केली. पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते शेकडा चारच्याही खाली आले. जीवनरक्षक साधनाची किंमत आणि त्याचे मोल यांचा काही संबंध असतोच असे नाही, हे दाखविणारा याहून चांगला दाखला मिळणार नाही. क्षार-संजीवनीची चार पाकिटे प्रत्येक घरात असावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण घरातील प्रत्येकास पाठ असावे. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे रोज लागतात. ती संपत आल्यावर आणण्याची सवय सोडून आठवड्याचा साठा हाती राहील असे पाहावे. जखमेवरची मलमपट्टी, स्त्रियांसाठी पाळीच्या पट्ट्या आणि तान्ह्या मुलाची गरज, या गोष्टी पुरुषांनी केलेल्या याद्यांतून हमखास सुटतात. त्या सुटू नयेत.

चौथे उजेड आणि आवाज. कोयनेचा भूकंप पहाटे झाला, किल्लारीचा पहाटे झाला, इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती रात्री. संकट बहुधा झोपेच्या वेळी गाठते आणि पहिल्या तडाख्यात वीज जाते. म्हणून उशाशी बॅटरी आणि खाटेखाली चप्पल असावी. काचांवरून आणि दगडांवरून अनवाणी पळता येत नाही. मेणबत्ती स्वस्त खरी, पण भूकंपानंतर गॅस गळत असेल तर तीच घर पेटविते. बॅटरीत सेल घालून वर्षभर ठेवले तर ते पाझरतात. सेल वेगळे, पण बॅटरीलाच बांधलेल्या पुडीत ठेवावेत. आणि प्रत्येकाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक शिटी. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाचा आवाज थोड्या वेळात बसतो, शिटी मात्र श्वास असेतो वाजते. मोटारीने जाणाऱ्यांनी काच फोडण्याची लहान हातोडी हाताशी ठेवावी. २००५ च्या जलप्रलयात बंद गाड्यांत गुदमरून माणसे गेली होती.

पाचवे कागद आणि पैसे. पुराचे पाणी ओसरते तेव्हा दुसरे संकट सुरू होते. ते म्हणजे आपण आपणच आहोत, हे सिद्ध करण्याचे. शिधापत्रिका, सातबारा, घरपट्टीची पावती, बँकेचे पुस्तक, मुलांची गुणपत्रके, विम्याची कागदपत्रे यांच्या प्रती जलरोधक पिशवीत असाव्यात आणि त्यांची छायाचित्रे दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. नुकसानभरपाईच्या रांगेत कागद असलेला मनुष्य आणि नसलेला मनुष्य यांत केवढे अंतर पडते, हे तलाठी कार्यालयातील कारकुनांना विचारावे. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय वीज आणि संदेशवहन चालू असेतोच असते. म्हणून थोडी रोख रक्कम, तीही शंभर-पन्नासच्या नोटांत, घरात असावी. पाचशेची नोट सुटी करून देणारा दुकानदार पुरात भेटत नाही.

एवढ्या वस्तूंना फार पैसा लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो. आणि खरेदी शांततेच्या काळात झाली पाहिजे. करोनाच्या प्रारंभी मुखपट्ट्या व जंतुनाशके यांचे भाव इतके भडकले, की मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारला त्यांचा समावेश अत्यावश्यक वस्तूंत करावा लागला. भीतीच्या क्षणी मागणी ताठर होते. गिऱ्हाईक किंमत पाहत नाही, आणि साठेबाज नेमका त्याच क्षणाची वाट पाहत असतो. जो आधी थोडे घेऊन ठेवतो तो स्वतःचे रक्षण करतोच. शिवाय ऐन संकटात रांगेतले एक माणूस कमी करून शेजाऱ्यालाही साहाय्य करतो.

गल्लीची पेटी

परंतु येथे थांबणे म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणे होय. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानच्या कोबे शहरी मोठा भूकंप झाला. ढिगाऱ्यांतून ज्यांना जिवंत बाहेर काढण्यात आले, त्यांतील बहुसंख्यांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले होते. जपानसारख्या सुसज्ज देशाची ही कथा, मग आपली काय वेगळी असणार? इर्शाळवाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. बचाव पथकांना डोंगर चढून जावे लागले आणि अवजड यंत्रे वर नेताच आली नाहीत. तळियेला जाणाऱ्या वाटा पुराने व दरडींनी अडविल्या होत्या. माळीण गाडले गेले ही वार्ता तर बाहेर कळली, ती नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना म्हणून. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ तळेगाव परिसरात सज्ज असते आणि तिची कामगिरी गौरवास्पदच आहे. पण पहिले काही तास शेजाऱ्यांचेच असतात, आणि जगण्या-मरण्याचा निवाडा बहुधा त्याच तासांत होतो.

त्या तासांत लागणारी साधने मात्र एका घराला परवडणारी नसतात आणि प्रत्येक घराने ती घेणे शहाणपणाचेही नाही. पहारी, फावडी, कुऱ्हाड, करवत, जॅक, जाड दोर, शिडी, स्ट्रेचर, ध्वनिक्षेपक, पाणी उपसण्याचा पंप, पूरग्रस्त गावांत नाव आणि जीवरक्षक जाकिटे. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीला चाळीस शिड्या नकोत, दोन हव्यात. पण त्या दोन आणणार कोण? ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो तिचा खर्च दुसऱ्या कोणी तरी करावा असे प्रत्येकास वाटते आणि अखेर ती आणलीच जात नाही. सार्वजनिक वस्तूंच्या बाबतीतली ही जुनी अडचण आहे. तिच्यावरचा उपायही जुनाच आहे. सर्वांनी ठरवून वर्गणी काढावी आणि एकावर जबाबदारी टाकावी. गणेशोत्सवाच्या मांडवासाठी जी मंडळे वर्गणी जमवितात, त्यांनी एका वर्षीच्या रोषणाईतून थोडी रक्कम बाजूस काढली तर गल्लीची पेटी उभी राहील. मनुष्यबळ, हिशेब आणि घरोघरचा परिचय या तिन्ही गोष्टी मंडळांपाशी आधीच आहेत.

मात्र वस्तू आणली म्हणजे काम झाले असे नव्हे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांना जलसमाधी मिळाली. नाव होती, पण तिच्यात झेपतील त्याहून अधिक माणसे बसली होती. जिवाच्या भीतीने धावत आलेल्या माणसांना त्याचा दोष कोणी द्यावा? दोष व्यवस्थेचा असतो. नावेवर ठळक अक्षरांत लिहिलेली माणसांची मर्यादा, तेवढीच जाकिटे, ‘यानंतर कोणी चढणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार असलेला शिकलेला नावाडी, आणि माणसांनी शेवटच्या फेरीची धास्ती घेऊ नये इतक्या आधी सुरू केलेले स्थलांतर, या चार गोष्टींवाचून नाव हे साधन अपुरे आहे. साधन, ते वापरण्याचे शिक्षण आणि त्यावरचा अधिकार हे तिन्ही मिळून एक वस्तू होते.

म्हणूनच कौशल्य हे सर्वांत टिकाऊ साधन. पोहणे, गाठी मारणे, रक्तस्राव थांबविणे, हृदय बंद पडल्यास छाती दाबून श्वास देणे, अग्निशामक नळकांडे चालविणे. यांची मुदत संपत नाही आणि ती पुरात वाहून जात नाहीत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये इमारतींना आपली अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी द्यावे लागते. पण जिन्यात टांगलेले ते तांबडे नळकांडे इमारतीतील किती जणांनी आयुष्यात एकदा तरी हातात घेतले आहे? शाळा-महाविद्यालयांतून वर्षातून दोन वेळा याची कवायत सहज होऊ शकते. शिवाय संकटात जिल्हा परिषदेची शाळा हेच गावाचे आश्रयस्थान बनते आणि शिक्षक हाच तेथला व्यवस्थापक. त्या शाळेत पाण्याची टाकी, वापरता येतील अशी शौचालये आणि छपरावर जाण्याचा जिना आहे की नाही, हे पावसाळ्यापूर्वी पाहावे.

तिजोरीचा वाटा

नागरिकांनी स्वतःची पिशवी भरावी, असे सांगण्यात एक धोका आहे, तोही स्पष्ट केला पाहिजे. ‘तुम्ही सज्ज नव्हता’ असे म्हणून शासनाला आपल्या उत्तरदायित्वातून निसटता येते. धोक्याची पूर्वसूचना, धरणांतील पाणी सोडण्याचे वेळापत्रक, पूररेषेतील बांधकामांना आळा, दरडींच्या छायेतील वाड्यांचे पुनर्वसन, ही कामे कोणत्याही पिशवीत मावत नाहीत. पूररेषेत घर बांधू देऊन त्या घरातील माणसाला जीवरक्षक जाकीट सुचविणे, याला आपत्ती व्यवस्थापन म्हणता येणार नाही.

खर्चाची वाटणी काय सांगते? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्तीविषयक निधीची रचना केली. त्यात शेकडा ८० भाग प्रतिसादासाठी आणि २० भाग संकटाची तीव्रता आधीच कमी करण्यासाठी ठेवला. त्या ८० मध्येही ४० तातडीच्या मदतीला, ३० पुनर्बांधणीला आणि अवघे १० सिद्धता व क्षमतावाढीला. पूर्वी प्रतिबंधासाठी असा वेगळा वाटा नव्हता, हे पाहता हे पाऊल स्वागतार्हच होते. तथापि शंभरांतील दहाच जर सिद्धतेसाठी, तर जिल्ह्याला आणि गावाला किती पोहोचणार, याचा हिशेब लोकांनी मागितला पाहिजे. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांतून एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट ठरले. आपल्या गावात त्यांपैकी कोण आहे, त्याच्याजवळ कोणती साधने आहेत, हे ग्रामसभेत विचारले तर गैर काय? मदतीचे धनादेश वाटतानाची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. न कोसळलेल्या भिंतीचे छायाचित्र कोणी छापत नाही. प्रतिबंधाचे यश अदृश्य असते, आणि अदृश्य यशाला मते मिळत नाहीत. ही विसंगती विचारी नागरिकांच्या प्रश्नांनीच सुधारेल.

आणि अखेरचा, पण सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ज्याचे हातावर पोट आहे, जो रोजचे पीठ-तेल रोज आणतो, त्याने तीन दिवसांची बेगमी कोठून करावी? आणि नेमका तोच नदीकाठी, नाल्याकाठी, डोंगराच्या कुशीत राहतो. धोका जेथे सर्वाधिक तेथे साठा सर्वांत कमी. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी तीन महिन्यांचे शिधावाटपाचे धान्य एकदम देण्याची सूचना केंद्राने राज्यांना केली, ती योग्यच होती. पण गळक्या झोपडीत ते धान्य ठेवावयाचे कशात? घट्ट झाकणाचे एक पिंप, ही त्या कुटुंबाची खरी आपत्कालीन गरज. धान्याबरोबर पिंप देण्याचे सरकारला सुचत नाही, कारण पिंप ही फार किरकोळ वस्तू आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाखो लोकांना कामावर मजुरी देऊन जगविले आणि त्यातूनच रोजगार हमीचा विचार पुढे आला. गरिबाच्या हाती क्रयशक्ती असणे ही सर्वांत मोठी सिद्धता होय, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी देशाला शिकविले आहे. तो धडा पुरालाही लागू आहे आणि दरडीलाही.

तेव्हा येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने तीन याद्या कराव्यात. एक घराची, दुसरी गल्लीची आणि तिसरी शासनाला विचारावयाच्या प्रश्नांची. पहिली यादी एका संध्याकाळी पुरी होईल. दुसरीसाठी शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागेल. तिसरी मात्र वर्षानुवर्षे नेटाने पुढे रेटावी लागेल, आणि ती अर्ध्यावर सोडली तर पहिल्या दोन याद्यांचे मोल फार उरणार नाही.